बर्लिनचं मैदान दाखवून पुण्याची टेकडी वाचणार नाही

पुण्यात बीडीपीचा, म्हणजे टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा, विषय तापला की ओळखीतलं कुणीतरी टेम्पलहोफचे फोटो टाकतं: बघा, जर्मन लोक मोकळी जागा कशी राखतात! मी बर्लिनला राहतो, त्यामुळे दुजोरा द्यायचं काम माझ्याकडे येतं. दुजोरा अर्धाच देता येतो.

टेम्पलहोफ हा भरवस्तीतला जुना विमानतळ. २००८ साली तो बंद पडला आणि २०१० साली तीनशेहून अधिक हेक्टरांचं हे मैदान लोकांना खुलं झालं. धावपट्टीवर सायकली आणि पतंग, गवतात चंडोलांची घरटी. विणीच्या काळात तेवढा भाग बंद ठेवतात. शहर सरकारला कडेकडेने सुमारे ४,७०० घरं बांधायची होती, मधलं गवत तसंच ठेवून. २५ मे २०१४च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतं मैदान जसंच्या तसं राखण्याच्या कायद्याला पडली.

ही सगळी मतं चंडोलांसाठी पडली असं समजायचं कारण नाही. ती घरं सामान्यांच्या खिशाला परवडतील याची पक्की हमी लोकांना दिसत नव्हती. त्यात शहराच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये ऐन वेळी रद्द झालेलं (तो उघडला थेट २०२० मध्ये), तेव्हा सरकारच्या शब्दाला किंमत किती राहणार? त्यानंतर भाडी भरमसाठ वाढली. एक फ्लॅट बघायला जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागते, त्या रांगेत मीही उभा राहिलोय. आता सत्ताधाऱ्यांनी कडेच्या घरांचा विषय पुन्हा काढलाय. भाडं कायद्यात लिहून शहराच्याच कंपनीने ती बांधली, तर मी हो म्हणेन. अर्थात मला इथे मत नाही, पासपोर्ट भारताचा.

पण पुण्याच्या वादात हे उदाहरण जिथे लंगडं पडतं ती गोष्ट वेगळीच आहे. टेम्पलहोफची जमीन सरकारी. नको म्हटलं, विषय संपला. १९९७ साली पुण्यात आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरांचं बीडीपी आरक्षण पडलं, त्यातली बरीच जमीन खासगी आहे. सातबारा शेतकऱ्याचा, नकाशावर हिरवा रंग, हातात रोख काही नाही. मोबदला म्हणून टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा हक्क, ठरला तो ८ टक्के. मग मालक कंटाळतो, नोटरीवर गुंठा-अर्धा गुंठा विकतो, आणि दोन पावसाळ्यांत तिथे पत्र्याच्या खोल्या नाहीतर तीन मजले उभे राहतात. टेकडी अशी जाते, चर्चा मात्र बिल्डर विरुद्ध झाडं अशीच चालते.

‘गरिबांसाठी घरं’ म्हणून टेकडी मोकळी करा म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. टेकडीवर बांधकाम झालंच तर जाहिरातीत ‘हिल व्ह्यू’ असेल आणि दर त्याप्रमाणे. तरीही टेकडी वाचवणाऱ्यांनी मालकाला काय द्यायचं ते उघड सांगावं. टीडीआर वाढवायचा, की मिळकत करात अधिभार लावून जमिनी विकत घ्यायच्या? आईचा फ्लॅट बाणेरला आहे, त्या बिलात असा आकडा आला तर मी भरेन. कोथरूड-बावधनच्या सोसायट्याही भरतील का, हे त्यांच्या सभांमध्ये आधी ठरू दे. आणि महापालिकेकडे एकच यादी मागावी: बीडीपीतली कोणती जमीन आजवर ताब्यात आली, आणि उरलेलीसाठी अंदाजपत्रकात किती पैसे आहेत.