24 तासांचा जबाब

आम्हा शिकाऊ आहारतज्ज्ञांच्या पुस्तकात सोपं लिहिलंय: पेशंटला विचारा, गेल्या 24 तासांत काय काय खाल्लं. ते लिहून घ्या, कॅलरी काढा, प्रथिनं काढा. हे लिहिणारा नाशिकच्या जनरल वॉर्डात कधी उभा राहिलेला नसावा. इथे त्या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं, "काही नाही हो ताई, जेवणच जात नाही."

मेडिसिन वॉर्डातल्या एका काकांची उपाशीपोटी साखर 240. म्हटलं, पोळ्या किती खाता?

"एखादी. फार तर दोन."

"अहो, खोटं कशाला सांगता? डबाभर चिवडा कुणी संपवला?" काकू कडाडल्या.

"चिवडा काय जेवणात धरतात का?"

"आणि रविवारची मिसळ?"

"ती बाहेर खातो," काका शांतपणे म्हणाले. घराबाहेर खाल्लेलं अंगी लागत नाही, असं पंचवटीपासून सिडकोपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पाव किती, विचारलं तर म्हणे ते मिसळवाला मोजतो. रस्सा पातळ, सबब तो पाण्यात जमा. पापड मिसळीबरोबर येतोच, त्याचं मीठ त्याच्यापाशी.

पुढची पोस्टिंग डायलिसिसला. मूत्रपिंड काम करेनासं झालं की रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून शहाळं बंद. पण आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कसं जायचं? प्रत्येक पाहुण्याच्या हातात शहाळं! एका घरी तर मीठ कमी करायचं म्हणून आवर्जून 'लो सोडियम' मीठ आणलेलं. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियमच असतं, हे ऐकून सूनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मीच घातलं होतं. मग पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी ओतून द्या, असं सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "म्हणजे सत्त्व मोरीत आणि चोथा ताटात? हे शिकायला फी भरतेस गं?"

आयसीयूत मात्र मला फार बरं वाटलं. तिथे कुणी खोटं बोलत नाही. नाकातून नळी, ठरलेल्या वेळी मोजून फीड, डोक्याची बाजू 30 ते 45 अंश वर. झोपलेल्या माणसाची उंची टेपने कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजून काढायची. सगळं कसं आकड्यांत! तेवढ्यात एक मावसभाऊ हळूच विचारतात, "मॅडम, नळीत थोडी लसणाची फोडणी चालेल का? तोंडाला चव येईल." नळी जिभेला वळसा घालून थेट पोटात जाते, हे मी चित्र काढून समजावलं. चित्र त्यांना आवडलं.

खरं शिक्षण मिळालं ते ट्रे गोळा करणाऱ्या मावशींकडून. त्या कुणालाच काही विचारत नाहीत. परत आलेलं ताट बघतात, पेशंटच्या मिशा बघतात. "सात नंबरची भाकरी जशीच्या तशी परत आलीय आणि माणूस ढेकर देतोय. आधी उशी उचल, मग वही काढ."

उशीखाली शेवेची पुडी होती. तेव्हापासून मी प्रश्न विचारताना पेशंटची चादर नीट करते, उशी झटकते. सेवाभाव म्हणून नातेवाइकांना फार कौतुक वाटतं. माझ्या मूल्यमापनाच्या कागदावर सीनियर मॅडमनी लिहिलं, 'आहाराची माहिती काढण्यात विशेष प्रगती'. मावशींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "बरं झालं. आता अकरा नंबरच्या गादीखाली बघ."