बाटली उभी, आम्ही आडवे

आमचे साडू स्कॉटलंडात, ग्लासगोला असतात. जानेवारीत आले तेव्हा करमाफीचा दोन लिटर दारूचा कोटा त्यांनी थेंबन्‌थेंब वसूल केला होता. एकेक लिटरच्या दोन बाटल्या, बारा वर्षांची सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्की. त्यातली एक त्याच रात्री गच्चीवर साठवणुकीच्या कटकटीतून सुटली. दुसरी माझ्या हातात देत साडूभाऊ म्हणाले, "ही फोडायची नाही. परीच्या लग्नात फोडू."

परी म्हणजे आमची लेक. सातवीत आहे.

मी मनात हिशेब मांडला. लग्नाला अजून पंधरा वर्षं धरू. बारा अन् पंधरा सत्तावीस. सत्तावीस वर्षांची स्कॉच माझ्या कपाटात! दुसऱ्या दिवशी चहा पिताना साडूंनी त्या हिशेबावर पाणी ओतलं. व्हिस्कीचं वय लाकडी पिंपात असेपर्यंतच वाढतं, काचेत शिरली की थांबलं. पंधरा वर्षांनीही ती बाराचीच. घरात तेवढी एकटी तीच तरुण राहणार. पिंपात मुरताना तिकडं वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात हाच वाटा दहा टक्क्यांच्या घरात जातो. देवदूतही शेवटी ज्या त्या हवामानाप्रमाणेच पिणार.

जाताना त्यांनी नियम सांगितले. अंधार हवा. ऊन अजिबात नको. पंधरा ते वीस अंश तापमान, तेही सारखं वरखाली न होणारं. बाटली उभी. एवढं सांगून ते ग्लासगोच्या गारव्यात निघून गेले आणि मी राहिलो परभणीत.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही अभिमानानं म्हणतो खरं, पण आमची जर्मनी डिसेंबरापुरती. तेव्हा पारा पाच-सहावरही उतरतो आणि मे महिन्यात ४४ गाठतो. बाटलीला हवं ते तापमान आमच्याकडं वर्षातून दोनदा असतं, पारा वर जाताना एकदा अन् खाली येताना एकदा.

परवाना होता, त्यामुळं पोलिसांची भीती नव्हती. (आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे व्हिस्कीच्या परवान्याला वयाची पंचविशी लागते, नवरदेवाला एकवीस पुरतात. परवाना मिळतो तोही आरोग्य राखण्यासाठी. माझं आरोग्य ज्या गोष्टीनं खालावलं तिचाच तो परवाना.) भीती होती ती घरची. आई माळकरी. फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं, तेव्हा तो विषयच संपला. माळ्यावर चढून बघितलं. पत्र्याखालच्या त्या भट्टीत दिवाळीच्या उरलेल्या बारा मेणबत्त्या मागच्या उन्हाळ्यात वितळून एकच झाली होती, मधून बारा वाती. तसाच खाली उतरलो. कूलरच्या खोलीत गारवा असतो, पण तिथं भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा बुरशी येते, लेबलाची काय कथा. शिवाय लाईट गेली की कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

साठवणूक आम्हाला येत नाही असं नाही. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या मुलखातली माणसं आम्ही. नळाला पाणी आलं की टाकी, ड्रम, हंडे, कळश्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरतो. पण ते पाणी. आठ दिवस टिकलं तरी खूप. पंधरा वर्षं न संपवता एखादी गोष्ट ठेवायची, हे शास्त्र आमच्याकडं फक्त बायकांना येतं.

म्हणून मी हिच्या लोखंडी कपाटाला शरण गेलो. फळीची उंची कमी, बाटली उभी राहीना. वाइनची बाटली बूच ओलं राहावं म्हणून आडवी ठेवतात, हे कुठंतरी वाचलेलं होतं. तीच विद्या इथं लावली आणि बाटली पैठणीच्या घडीवर झोपवली. चाळीस टक्क्यांच्या वरचं मद्यार्क सतत टेकून राहिलं की बूच खातं, हे मला एप्रिलमध्ये कळलं. भाचीच्या लग्नाला निघायचं होतं.

"अहो, जरा इकडं या."

हिनं पदर माझ्या नाकाशी धरला. त्यावर दोन मोरांच्या मधोमध बशीएवढा पिवळट डाग. "कशाचा वास आहे?"

खरं सांगायचं तर ओक, किंचित मध आणि मागून धुराची हलकी लहर. मी म्हणालो, "डांबरगोळ्यांचा."

त्या लग्नात ही साध्या सिल्कमध्ये होती आणि माझ्याशी फक्त परीमार्फत बोलत होती.

पुन्हा शोध. बुचावर चिकटपट्टी गच्च गुंडाळली. शेवटी कोठीघर सापडलं. दगडी भिंत, खिडकी नाही, आणि कोपऱ्यात गावाकडून आणलेली, शेणामातीनं सारवलेली ज्वारीची कणगी. ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला तर भर मेमध्ये गार लागला. बाटली खोक्यासकट उभी पुरली, वरून ज्वारी ओढली. पंधरा दिवस सुखात गेले. घरात दळण नावाची गोष्ट असते, हे मी विसरलो होतो.

मापटं खोक्यावर आपटल्याचा आवाज मी बाहेरच्या खोलीत ऐकला.

"हे काय ठिवलास रे जवारीत?" आईनं बाटली खोक्यातून काढून वर धरली होती. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"जपून ठेवलीय, आई."

"किती वर्साची हाय?"

"बारा."

"अन् काढायची कवा?"

"परीच्या लग्नात."

आईनं आधी बाटलीकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं. "तवर तू टिकशील का?"

माळेवर हात ठेवून ती क्षणभर पुटपुटली. मग बाटली परत खोक्यात घातली, लोणच्याच्या बरण्यांमागं कोपऱ्यात उभी केली आणि जुन्या धोतराचा तुकडा फाडून खोक्याच्या तोंडाला दादरा बांधला. "वल्ला हात लावू नको. उजेड दावू नको. घडीघडी काढून बघू नको." ग्लासगोचे सगळे नियम तिनं कैरीच्या लोणच्यावर शिकून ठेवलेले होते.

त्याच आठवड्यात भर दुपारी लाईट गेली. घरात गार जागा एकच, म्हणून आम्ही चौघं कोठीघरात चटया टाकून पडलो. तेवढ्यात साडूंचा व्हिडिओ कॉल आला. स्वेटर घातलेला होता. "काय म्हणते आपली बाटली? दाखव जरा."

मी उठून दादऱ्याच्या गाठीला हात घातला.

"सोडू नको," आई डोळे न उघडता म्हणाली, "उजेड लागतो तिला."