पार्किंगमधला बर्फ

सोसायटीच्या फलकावर परवा नवी सूचना लागली. 'पार्किंगमध्ये कोणाच्याही वाहनावर बर्फ ठेवू नये. आदेशावरून.' पाणी जपून वापरा, गच्चीत पापड वाळत घालताना नाव लिहा, या सूचनांच्या रांगेत ती बसलीही छान. नाव कोणाचं नाही. पण लिफ्टमध्ये लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग छताकडे.

प्रकरण साधं आहे. जूनमध्ये मोटरसायकलने लेहला जायचंय. तिथली 'खारदुंग ला' ही उंच खिंड चढताना बोटं अशी बधिर होतात की ब्रेकवर दोन बोटं आहेत की चार, हे खाली बघून मोजावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे हीटेड ग्रिप. रबरी मुठीच्या आत तापणारी तार, गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारी, प्रत्येकी २० वॅटची. म्हणून पुण्यात, मे महिन्यात, भर रविवारी मी हात गरम करायचं यंत्र बसवायला घेतलं. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

जुनी ग्रिप काढणं हे खरं पहिलं युद्ध. हँडलच्या टोकांची वजनं आधी काढायची. त्यांचे स्क्रू कारखान्यात डिंक लावून पिळलेले असतात, म्हणून अ‍ॅलन की पूर्ण आत ठोकून बसवायची, नाहीतर स्क्रूचं डोकंच गोल होतं. मग ग्रिपखाली सायकलच्या चाकाची तार सरकवायची, साबणाचं पाणी सोडायचं आणि पिळत ओढायचं. ग्रिप ठेवायची नसेल तर सरळ ब्लेडने उभी चिरावी. उजवीकडे मात्र हात आवरून, कारण तिथे रबराखाली रेसची प्लास्टिकची नळी असते. या नळीमुळेच दोन्ही ग्रिप सारख्या नसतात. डावी २२ मिलिमीटरच्या लोखंडी हँडलवर बसते, उजवी जाड नळीवर, म्हणून तिचं भोक मोठं. त्या नळीवर उंचवटे असले तर कानस मारायची, वरून पॉलिश पेपर. कोरडी ग्रिप घालून बघायची, पुन्हा घासायची. किटबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात या सगळ्याला एक ओळ दिली आहे: 'योग्य प्रकारे बसवा.' ज्याने हे लिहिलं त्याला मी अयोग्य प्रकारे भेटू इच्छितो.

तळमजल्यावरचे काका इथे आले. बँकेच्या ऑडिटमधून निवृत्त. हातात पेपर, पायात स्लीपर.

"काय चाललंय?"

"हीटेड ग्रिप, काका. हात गरम राहतात."

काकांनी माझ्या कपाळावरून हनुवटीपर्यंत आलेल्या घामाचा प्रवास शांतपणे पाहिला. "बरं," ते म्हणाले.

मी लेहचं सांगितलं. खारदुंग लाच्या फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेलं होतं, जीपीएसने मोजलं तर १७,५८२ भरतं, हेही सांगितलं. ही चूक झाली. माहिती द्यावी, पण ऑडिटवाल्याला तफावत देऊ नये.

"म्हणजे सातशे अठ्ठ्याण्णव फूट गेले कुठे?"

नेमका हा प्रश्न आला तेव्हा माझ्या डाव्या हातात गोंद लावलेली ग्रिप होती. किटमधला गोंद फेविक्विकच्या जातीचा. तो लावल्यावर दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात ग्रिप एका दमात मुळापर्यंत सरकवायची, तारेचं तोंड पुढे आणि खाली वळवायचं, आणि हात काढायचा. मी त्यातले सात सेकंद काकांकडे बघण्यात घालवले. ग्रिप मुळापर्यंत गेली, पण तारेचं तोंड आकाशाकडे राहिलं, आणि आता ते जन्मभर तिथेच राहणार. क्लचला आडवं येत नाही एवढंच नशीब. शहाण्याने सावकाश सुकणारं अराल्डाइट घ्यावं आणि मगच डोंगरांच्या उंचीवर चर्चा करावी.

उजव्या बाजूला मी काकांना बोलूच दिलं नाही, कारण तिथली चूक जिवावर बेतते. रेस पिळली की ग्रिपबरोबर तारही फिरते. तिला फिरायला ढिला वेढा ठेवला नाही, तर ती ताणून तुटते किंवा ब्रेकच्या लिव्हरपाशी अडकते आणि रेस उघडीच राहते. म्हणून गोंद लावण्याआधी रेस पूर्ण पिळून सोडून बघायची. 'टक्' आवाज करत ती आपोआप परत आली पाहिजे, हँडल पूर्ण डावीकडे असताना आणि पूर्ण उजवीकडे असतानाही. ग्रिप आणि टोकाचं वजन यांत एक-दोन मिलिमीटर फट हवी. दोन्ही एकमेकांना घासली तरी रेस अडते.

वायरिंग सोपं आहे, म्हणूनच लोक त्यात गाडी मारतात. दोन्ही ग्रिप मिळून ४० वॅट, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या वर. ८ अँपिअर-अवरची बॅटरी असेल आणि ग्रिप थेट तिला जोडून तुम्ही स्विच बंद करायला विसरलात, तर दोन तासांत सेल्फ मान टाकतो, आणि आजच्या बऱ्याच गाड्यांना किक नसते. म्हणून रिले, म्हणजे लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरची पिन फ्यूजमधून बॅटरीला, ८७ ग्रिपला, ८५ अर्थला, आणि ८६ मागच्या दिव्याच्या वायरला, जी चावी फिरवल्यावरच जिवंत होते. रिलेच्या कॉइलला जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे मूळ वायरवर ताण येत नाही. फ्यूज ५ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. आणि मूळ वायर कापायची नाही, टॅप करायची, म्हणजे न तोडता तिच्यावर जोड घ्यायचा. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरवाला वॉरंटीवर असा हात वर करतो, जणू गाडी मी चोरून आणली आहे. २०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, हॅलोजनवाल्या गाड्यांत त्यात साठेक वॅटपर्यंत जातात. त्याबद्दल आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. मी माझे ४० मागितले की मात्र 'इलेक्ट्रिकल सिस्टिमशी छेडछाड'.

जाऊ दे. चाचणी. मल्टिमीटर लावला, प्रत्येक ग्रिप सात ओहमच्या आसपास. उत्तम.

"पण गरम होतंय का?" काका.

मी हात लावला. गरम होतं. मग चावी बंद करून बऱ्याच वेळाने हात लावला. तेव्हाही गरमच होतं. ऊन पार्किंगच्या आत आलं होतं.

"याचा पुरावा काय?" असं म्हणून काका घरात गेले आणि बर्फाचा ट्रे, प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या, रबर बँड आणि वही घेऊन आले. एक खडा उजव्या ग्रिपवर बांधला, एक डाव्या. मी म्हटलं, काका, बर्फ तसाही वितळणारच. ते म्हणाले, "म्हणूनच तुलनेला एक हवा," आणि तिसरा खडा शेजारी उभ्या असलेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या अ‍ॅक्टिव्हाला बांधला. चावी फिरवली. काका घड्याळ डोळ्यांशी धरून उभे. वॉचमन आला. दूधवाला थांबला. दोन पोरं सायकलवरून उतरली. आयुष्यात इतके लोक माझ्या गाडीकडे इतक्या आदराने कधी बघत नव्हते.

"उजवा गेला! सहा मिनिटं."

डावा आठ मिनिटांनी. अ‍ॅक्टिव्हाचा अकरा.

"डावी खराब आहे. परत कर."

खराब नव्हती. उजवीखाली प्लास्टिक असतं, ते उष्णता धरून ठेवतं. डावीखालचं लोखंडी हँडल ती गुपचूप पिऊन टाकतं. हँडलवर आधी हीट श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची स्लीव्ह चढवली असती तर बराच फरक पडला असता. हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी आळस केला होता. एका रिटायर्ड माणसाने बर्फाच्या खड्याने ते पकडावं, याचं मला अजून वाईट वाटतंय.

"ग्रिपचे किती दिले?"

"साडेचार हजार."

वहीत भागाकार झाला. "पाच मिनिटं वाचली. मिनिटाला नऊशे पडले."

तेवढ्यात वहिनी पिशवी घेऊन खाली आल्या. आपल्या गाडीच्या मुठीला बांधलेली पाण्याची पिशवी त्यांनी पाहिली, मला पाहिलं. लिंबू-मिरची चालली असती, असं त्यांचा चेहरा सांगत होता. मी खुलासा करायला वळलो, तर काका नव्हते. ट्रेही नव्हता. मी घाईने गाडी बाजूला घ्यायला सेल्फ मारला: टिक, टिक, टिक. इंजिन बंद ठेवून पंधरा मिनिटं ग्रिप आणि हेडलाइट चालवल्यावर आधीच म्हातारी झालेली बॅटरी दुसरं काय म्हणणार? वॉचमनने धक्का दिला.

बर्फाच्या सूचनेखाली सचिवांची सही आहे. सही वाचता येत नाही, पण अक्षर मी ओळखतो. 'उजवा ६, डावा ८, वहिनी ११' लिहिलेला वहीचा कागद अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे.