व्यंकट, यंकट आणि डॉट एसओ

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचा हिशेब मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतो. चालतो म्हणजे सोयाबीनचा हंगाम सोडून चालतो. दुकानाच्या मालकांना सगळा यार्ड आप्पा म्हणतो, मीही म्हणतो. गेल्या पावसाळ्यात आप्पांनी मला बोलावून घेतलं. "एकाच माणसाची तीन-तीन खाती निघालालीत की. उचल एका खात्यावर, माल दुसऱ्याच. जमवा काहीतरी."

खरं होतं. मुनीमकाका ज्या दिवशी जसं ऐकू येईल तसं नाव लिहितात. व्यंकट, वेंकट, यंकट. ज्ञानोबा, ग्यानोबा, ग्यानबा. आमच्याकडं बारशाचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि बाजारात मारलेल्या हाकेतलं नाव यांची आपसात ओळख असेलच असं नाही.

उच्चारावरून नावं जुळवायची युक्ती जुनीच आहे. साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट रॉबर्ट रसेल यांना अमेरिकेत १९१८ साली मिळालं, तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात होतं. माझ्या सॉफ्टवेअरची सगळी खाती मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेस सर्व्हरमध्ये असतात. त्याच्यात हे फंक्शन आयतं मिळतं, पण ते इंग्रजीपुरतं. ए ते झेडच्या बाहेरचं कुठलंही अक्षर त्याला स्वर वाटतो. म्हणजे आपले क, ख, ग, घ सगळेच स्वर. गाण्याच्या क्लासला ठीक, आडतीला नाही.

शहाण्या माणसानं इथं बाहेरच्या बाहेर छोटा प्रोग्राम लिहून नावं जुळवली असती. पण मी कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेलो, आणि ती विद्या पंधरा वर्षं माळ्यावरच्या पितळी घंगाळासारखी पडून होती. वाचलं होतं की सीमध्ये फंक्शन लिहून, कंपाईल करून त्याची डॉट एसओ फाइल, म्हणजे लायब्ररी, केली आणि सर्व्हरला 'क्रिएट फंक्शन' म्हणून ओळख करून दिली, की ते सर्व्हरच्या घरच्यासारखं वागतं. वेगही घरच्यासारखा. घंगाळ खाली काढलं.

नाव ठेवलं नावजुळव. कंपाईल झालं एका दमात. तिथंच शंका यायला हवी होती.

ओळख करून द्यायला गेलो तर सर्व्हर म्हणाला, एरर ११२६, लायब्ररी उघडता येत नाही. मला वाटलं, फाइल कुठं आहे ते बिचाऱ्याला कळलं नसेल, म्हणून अख्खा पत्ता लिहून दिला. तर एरर ११२४: पत्ता चालत नाही, नुसतं नाव द्या. ही एक तऱ्हा आहे त्याची. त्याची स्वतःची एक ठरलेली जागा असते, 'प्लगइन डिर' म्हणतात तिला, आणि फाइल तिथंच असली तरच तो ओळख दाखवतो. मी फाइल ठेवली होती माझ्या होम फोल्डरमध्ये. काटा यार्डात आणि कट्टे घरच्या ओसरीवर, तशी गत. फाइल उचलून जागेवर नेली.

एरर ११२७. लायब्ररी उघडली, पण 'नावजुळव' नावाचं कुणी इथं राहत नाही म्हणे.

मी फाइल उघडून बघितली. ढळढळीत लिहिलेलं, नावजुळव. पुन्हा कंपाईल केलं, पुन्हा ११२७. स्पेलिंग तपासलं, बायकोकडून तपासून घेतलं. दुसऱ्या दिवशी कुठं 'एनएम' ही कमांड आठवली, जी लायब्ररीत कोण कोण राहतं त्याची यादी काढून देते. यादीत नाव होतं: पुढं अंडरस्कोर, मग झेड, मग एक आकडा, मग नावजुळव आणि मागं इंग्रजी अक्षरांचं शेपूट. मी फाइल साध्या सीची न करता सी प्लस प्लसची केली होती. तो कंपायलर एकाच नावाची अनेक फंक्शनं चालवून घेतो आणि ती ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या नावाला असे कान-शेपूट जोडतो. म्हणजे गावोगावच्या व्यंकटांची नावं जुळवायला निघालेल्या फंक्शनचं स्वतःचंच नाव जुळत नव्हतं. 'एक्स्टर्न सी' असं आधी लिहिलं की तो नावाला हात लावत नाही. लिहिलं.

पुन्हा ११२७. या वेळी तक्रार वेगळी: 'नावजुळव इनिट' सापडत नाही. मुख्य फंक्शनच्या आधी तयारी करणारं एक इनिट आणि नंतर आवराआवर करणारं एक डीइनिट असतं. दोन्हीपैकी एकही नसेल तर सर्व्हर ते फंक्शन संशयास्पद मानतो. मी रंग चढवून सांगत नाही, असली फंक्शनं चालवून घेण्याच्या ऑप्शनचं नावच मुळी 'अलाउ सस्पिशस यूडीएफ्स' असं आहे, यूडीएफ म्हणजे आपण लिहून दिलेलं फंक्शन. सोयरिकीला बसलेले पाहुणे विचारतात ना, आगापीछा काय, भाऊबंद कोण, ते हेच. मी रिकामं इनिट लिहिलं, रिकामं डीइनिट लिहिलं. पाहुण्यांचं समाधान झालं.

फंक्शन चालू झालं आणि यंकटाचा व्यंकट करून दाखवला. फक्त व्यंकटच्या मागं कधी 'कट' यायचं, कधी चौकोन, तर एकदा चक्क दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावाचा तुकडा आला. सीमध्ये शब्द संपला हे कळायला शेवटी शून्य असावं लागतं. सर्व्हर ते शून्य देईलच असं नाही, तो लांबी वेगळी सांगतो. मी लांबी न बघता शून्य शोधत शेजाऱ्याच्या रानात शिरत होतो. बांधाच्या बाबतीत मराठवाड्यातल्या माणसाला कुणी काही शिकवायला नको, आमच्या निम्म्या तारखा बांधावरूनच पडतात. तरी मी शिरलोच. ते दुरुस्त केलं आणि आप्पांना फोन लावला, "आता निर्धास्त राहा." हे वाक्य मी पुन्हा कधी उच्चारणार नाही.

ऑक्टोबर. दसरा झालेला, यार्डात सोयाबीनचे ढीग, ओलावा १२ टक्क्यांच्या वर की खाली यावरून जागोजाग वाद. सकाळी अकराला मुनीमकाकांचा फोन.

"सायेब, पट्टी निघना झाली. कोण की गॉन अवे झालाय म्हणालंय."

"सर्व्हर गेलाय, काका."

"कुठं गेलाय? ऐन बाजारात?"

पाच मिनिटांत आपोआप उठला. काकांनी तीच पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, पुन्हा काढली, पुन्हा गेला. काका चिकाटीचे. मी पोचेपर्यंत त्यांनी सर्व्हर सात वेळा पाडला होता. असं फंक्शन सर्व्हरच्या पोटातच चालतं, त्याची वेगळी चूल नसते. ते कोसळलं की अख्खं घर घेऊन कोसळतं, काट्यावरचा संगणक, आप्पांचा संगणक, सगळ्यांचीच जोडणी एका क्षणात तुटते. आणि सर्व्हर उठताना आपल्या नोंदीत बघून त्याच फंक्शनला मायेनं पुन्हा आत घेतो.

एरर लॉगमध्ये सिग्नल ११, म्हणजे परक्या मेमरीत पाय टाकल्याची खूण, आणि खाली शेवटची क्वेरी जशीच्या तशी. तिच्यात मुनीमकाकांनी नावाच्या रकान्यात लिहिलेलं होतं: 'व्यंकट ग्यानोबा, थोरले, रेणापूरकडचे, ह. मु. लातूर, पाय अधू, काळी मोटारसायकल, उधारी देऊ नये, भावाला विचारणे'.

उत्तर लिहायला सर्व्हर फंक्शनला २५५ बाइटची जागा देतो. इंग्रजीला ती पुष्कळ. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे, काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजायचं. नुसता 'व्यंकट' १८ बाइट. 'ग्यानोबा' २४. मोटारसायकलीपर्यंत तग धरलेली ती जागा 'भावाला विचारणे'पाशी संपली आणि मी पुढं लिहीतच गेलो. आधी शेजाऱ्याच्या रानात डोकावलो होतो, आता नांगर घातला. बरं, असा बांध कोरला की दरवेळी कोसळतंच असंही नाही. याआधीच्या दोन-चार लांब नोंदी मुकाट निघून गेल्या होत्या.

खरा उपाय ठाऊक होता. इनिटमध्ये लागेल तेवढी मेमरी मागून घ्यायची, डीइनिटमध्ये परत करायची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी मागवलेल्या गावात राहून मला मागायची लाज वाटायचं कारण नव्हतं. पण आप्पा मागं उभे, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि एक हमाल मला बघून दुसऱ्याला म्हणाला, "ह्यानंच बिघडिवलंय." मी जवळची वाट धरली: पहिला स्वल्पविराम आला की नाव तिथंच तोडायचं. दोन ओळींचं काम.

नवी डॉट एसओ चालू सर्व्हरच्या जुन्या फाइलवरच कॉपी केली. आठव्यांदा गेला. जुनी फाइल त्याच्या मेमरीत जोडलेली असते, ती पायाखालून बदलली तर दुसरं काय होणार. रीत अशी की आधी 'ड्रॉप फंक्शन', मग फाइल बदला, मग पुन्हा 'क्रिएट'. सर्व्हर उठल्यावर तोडणीत एक चूक सापडली, ती सुधारून मी रीतीनं सगळं केलं. तरी जुनंच चालतंय! डोकं गरम व्हायची वेळ आली तेव्हा आठवलं, त्याच लायब्ररीत मी हौसेनं दुसरंही एक फंक्शन ठेवलं होतं, गावांची नावं जुळवायचं. एका सातबाऱ्यावर दोन भाऊ. एकाचं नाव कमी केलं तरी दुसरा आहे तोवर सर्व्हर ती लायब्ररी सोडत नाही. दोघांनाही काढलं, दोघांनाही पुन्हा आणलं, फेरफार मंजूर झाला.

साडेचारला पट्ट्या निघायला लागल्या. आप्पांनी चहा सांगितला. मी दोन घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काकांचा फोन. सर्व्हर ठणठणीत होता, प्रश्नच नाही. गेलो तर काट्यापाशी चार माणसं उभी. चौघांचंही नाव व्यंकट ग्यानोबा. स्वल्पविरामापर्यंत चौघं एकच, त्यामुळं रातोरात चौघांचं मिळून एक खातं झालेलं. एकाची उधारी, दुसऱ्याचे सोयाबीनचे चाळीस कट्टे, तिसऱ्याच्या पोरीच्या लग्नाची उचल, सगळं एका पट्टीवर, आणि ती पट्टी चौथ्याच्या हातात. तो पट्टी खाली ठेवायला तयार नव्हता.

काकांनी चष्मा पुसला आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

"बसा सायेब. आता ह्यातला काळ्या मोटारसायकलवाला कोण, ते इचारा तुमच्या मशीनला."