मी एका खांबापाशी उभी आहे

स्पेनचे घड्याळ मुळातच तासभर पुढे आहे, हा शोध आमच्या साडूभाऊंनी माद्रिदमध्ये उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी लावला आणि पुढच्या आठ दिवसांतल्या माझ्या हालांना तेथून सुरुवात झाली. दुर्दैवाने माहिती खरी होती. 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळाचे काटे तासभर पुढे सरकवले गेले आणि स्पेन आजही शेजारच्या पोर्तुगालपेक्षा एक तास पुढे चालतो. उन्हाळ्यात तर सूर्य आणि घड्याळ यांच्यात जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. साडूभाऊंनी यातून एवढाच निष्कर्ष काढला की मी सकाळी आठला दार वाजवतो तेव्हा सूर्याच्या हिशेबाने जेमतेम सहा वाजलेले असतात आणि सहाला सुट्टीवरच्या माणसाने उठावे असा नियम कोणत्याही शास्त्रात नाही.

आम्ही सहा जण होतो. मी, बायको, मेव्हणी, साडूभाऊ, या दोघी बहिणींची बाहत्तर वर्षांची मावशी आणि माझे निवृत्त मित्र, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. तिकिटे, हॉटेले आणि आगगाड्या ठरवण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणजे दोष देण्यासाठी एक माणूस नक्की करून ठेवलेला होता.

टोलेडोत मी फार काळ रेंगाळणार नाही, कारण तेथे आम्ही मुख्यतः रस्ता शोधत रेंगाळलो. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर हे शहर आहे आणि चढणीसाठी सरकते जिने केले आहेत, हे मी अभिमानाने सांगितले होते. जिने खरोखरच सुखाचे निघाले, परंतु ते जेथे संपतात तेथून पुढे गोट्यांनी बांधलेल्या गल्ल्या सुरू होतात. सहा बॅगांची चोवीस चाके त्या गोट्यांवरून निघाली, तेव्हा वर खिडकीतून एक आजीबाई लग्नाची वरात आल्यासारखी डोकावून गेली. मास्तर प्रत्येक दगडी कमानीपाशी थांबून ही राजधानी 1561 साली माद्रिदला का गेली असावी याची कारणे सांगत होते. बॅग ओढता ओढता मला त्यातले एक कारण आपोआप समजले.

खरी परीक्षा कोर्डोबाला झाली. तेथील मशीद, जी पुढे कॅथेड्रल झाली, इसवी सन 785 मध्ये बांधायला घेतली गेली आणि पुढची दोनशे वर्षे वाढतच राहिली. आत पाऊल टाकले की लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींखाली खांबच खांब दिसतात. ते 856 आहेत. जुन्या रोमन इमारतींतून आणलेले कित्येक खांब त्यात असल्याने कोणाचा दगड काळपट, कोणाचा गुलाबी, पण ओळी अशा की कोठूनही पाहिले तरी आपण मध्यभागीच आहोत असे वाटते. मी थक्क होऊन वर पाहत होतो आणि खाली पाहिले तेव्हा मावशी नव्हत्या.

मी फोन लावला.

"मावशी, तुम्ही कुठे आहात?"

"मी एका खांबापाशी उभी आहे," मावशी अत्यंत शांतपणे म्हणाल्या. "घाई करू नका. मी इथून हलत नाही."

त्यांनी शब्द पाळला, हीच अडचण झाली. मेव्हणी डावीकडच्या रांगांत शिरली, बायको उजवीकडच्या. दहा मिनिटांत त्या दोघी मला सापडेनाशा झाल्या आणि त्यांनीही फोनवर आपण खांबापाशी असल्याचे कळवले. मास्तर खांब मोजत असल्याने त्यांना हाक मारण्याची सोय नव्हती. एकदा मारली, तर "दोनशे चौदाला तुम्ही मला घालवलंत" असे बोलून ते पुन्हा पहिल्या खांबाकडे निघाले. या इमारतीच्या ऐन मध्यावर सोळाव्या शतकात भलेमोठे चर्च उभारले गेले, त्याबद्दल जाणकार आजही हळहळतात. मी मात्र ते बांधणाऱ्यांचा ऋणी आहे, कारण तेथे बाके आहेत आणि पंचेचाळीस मिनिटांनी मावशी त्यांपैकीच एका बाकावर बसून राजगिऱ्याची वडी खाताना सापडल्या. खांबापाशी पाय दुखू लागले म्हणून त्या आल्या होत्या आणि आम्ही इतका वेळ कोठे भटकत होतो, असा त्यांचा सवाल होता.

मावशी शाकाहारी आहेत. त्यासाठी मी "सिन कार्ने", म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द घोकले होते. पहिल्याच दिवशी या शब्दांच्या आधाराने मागवलेल्या सॅलडमध्ये ट्यूना मासा आला, कारण मासा हा तेथे मांसात धरत नाहीत. कोर्डोबात मी सावध होतो. साल्मोरेखो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेले गार, दाट सार मागवले. वेटरने ते आणले तेव्हा आपण कोथिंबीर भुरभुरवतो तितक्याच निरागसपणे वर अंडे आणि हॅमचे तुकडे पेरलेले होते. मी "कार्ने" म्हणून किंचाळलो. "नो, हामोन," असे त्याने मला प्रेमाने समजावले. मावशींनी पर्समधून मेतकुटाची डबी काढली आणि नुसत्या पावावर दुपार काढली. रात्री त्यांनी आठला जेवायला मागितले, तर स्वयंपाकघर साडेआठला उघडेल असे उत्तर मिळाले. साडूभाऊंनी लगेच, सूर्याच्या हिशेबाने आता सहाच वाजलेत, हे मावशींना ऐकवले. त्यानंतर मावशींनी त्यांना जे ऐकवले ते लेखात घालण्याजोगे नाही.

सेव्हिलला हिराल्दा मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी पस्तीस उतरणी आहेत, कारण अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे अशी ती सोय होती, असे सांगतात. सतराव्या उतरणीवर साडूभाऊंनी भिंतीला पाठ टेकून, घोडा कोठे मिळतो, एवढेच विचारले.

शेवटी ग्रनाडा. अल्हाम्ब्रा या डोंगरावरच्या किल्ल्यातल्या नासरी सुलतानांच्या महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की मग आत सोडत नाहीत. आमची वेळ साडेदहाची होती. तीन महिने आधी काढलेल्या त्या तिकिटांसाठी मी आदल्या रात्री सहाही जणांना पासपोर्ट उशाशी ठेवायला लावले, पहाटे साडेसहाला दारे वाजवली, साडूभाऊंचा सूर्य त्या दिवसापुरता बरखास्त केला आणि सव्वादहाला सर्वांना दारापाशी रांगेत उभे केले. पाच जणांचे पासपोर्ट निघाले. माझा माझ्या उशाशीच राहिला होता.

"अहो, तुम्ही पळा, आम्ही बघून घेतो," बायको म्हणाली.

मी डोंगर उतरून, हॉटेल गाठून परत आलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दारावरच्या बाईने माझ्या तिकिटावरची वेळ मला बोटाने दाखवली. मी सूर्याचा दाखला द्यावा असा विचार क्षणभर केला, पण स्पॅनिश तेवढे येत नव्हते.

बाहेर ओट्यावर बसलो असताना मंडळी प्रसन्न चेहऱ्याने आली. सिंहांच्या चौकातले कारंजे बारा सिंहांनी पाठीवर पेलले आहे, हे मी त्यांना महिनाभर सांगत होतो. साडूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोबाइल पुढे केला. "साडूभाऊ, तुमच्यासाठी मुद्दाम फोटो काढून घेतला."

फोटोत तीन सिंह होते. बाकीचे नऊ साडूभाऊंच्या मागे होते.