पिंजऱ्याचं न्हाणं

उंदराचा पिंजरा माळ्यावरून काढला तेव्हा त्याचं दार उघडेना, आणि ठोकून उघडल्यावर ते मिटेना. दाराच्या कड्यांवर गंजाचे फोड आले होते, स्प्रिंग तपकिरी झाली होती, आमिष अडकवायच्या आकड्याला नुसतं बोट लावलं तर विटकरी पूड हातावर. शिवाय वास. मागचा पाहुणा जाऊन वर्ष उलटलं असेल, पण जाताना तो आपली आठवण तळाच्या पत्र्यावर ठेवून गेला होता, आणि मी तो पिंजरा तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून वर ढकलला होता. नवरा तेव्हा म्हणाला होता, "धुऊन ठेव." मी म्हटलं होतं, "तू धू." दोघांच्या संसारात असे ठराव माळ्यावर जातात.

आता स्वयंपाकघरात पुन्हा रात्रीची खुडबुड सुरू झाली होती. सरळ नवीन पिंजरा आणला असता तर विषय तिथेच संपला असता. पण मला एक खोड आहे. वस्तू बिघडली की तिच्यात माझी अब्रू गुंतते.

आधी साबण. चांगला फेसाचा, सुगंधी. तारेचा ब्रश घेऊन अर्धा तास घासलं, पाणी काळं झालं, तांबडं झालं, मग पांढरं झालं. पिंजरा नाकाशी धरून हुंगला. छान वास येत होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, उंदीर पकडायचाय की सोयरीक करायचीय त्याच्याशी? एवढा घमघमाट आला तर तो फिरकेल का?"

सासूबाईंचं म्हणणं मी सहसा लगेच मान्य करत नाही. रात्री वाचलं तेव्हा मान्य करावं लागलं. नाकात वास टिपणारी जी प्रथिनं असतात, त्यांचे जनुक रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये शोधले, २००४ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं, आणि तो शोध लागला कुणाच्या नाकात? उंदराच्या. माणसाकडे असे चालू स्थितीतले जनुक साधारण ४००. उंदराकडे हजाराच्या वर. म्हणजे मी नाकाने कांदे सोलत "आता काही वास नाही" म्हणते, तिथे त्याला अख्खा मजकूर छापलेला दिसतो: बाई, मध्यमवयीन, मघाशी हाताला क्रीम लावलं, स्वभावाने चिवट.

त्यात मोठा उंदीर नव्या वस्तूला बुजतो. रोजच्या वाटेवर अनोळखी काही दिसलं की दिवसचे दिवस वळसा घालून जातो. लहान घरउंदीर तेवढा सावध नसतो. तो भोचक, लगेच हुंगायला येतो. आमचा कोणता हे फक्त आवाजावरून ठरवायचं होतं. नवऱ्याच्या मते लहान. माझ्या मते त्याने डब्याचं झाकण ज्या पद्धतीने पाडलं त्यावरून तो चांगला कर्ता पुरुष होता.

सुगंध घालवायला आणि जंतू मारायला ब्लीच घेतलं. जंतूंचं मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यामुळे हातमोजे घालून, कोरडं न झाडता, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं ओतून पुसायचं. इथपर्यंत बरोबर केलं. चुकलं ते पुढे. थोड्या वेळाने धुऊन टाकायचं ते मी झोपेच्या भरात राहू दिलं. सकाळी बादलीत पिंजरा नव्हताच, केशरी रंगाचं काहीतरी होतं. ब्लीच जंतूंना मारतं आणि लोखंडालाही सोडत नाही.

मग व्हिनेगर. गंजावर व्हिनेगर हे सगळ्यांना माहीत असतं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो हे त्यातल्या थोड्यांना माहीत असतं, आणि सुदैवाने मी त्या थोड्यांत होते. पिंजरा पाच पाण्यांतून काढला, मग व्हिनेगरमध्ये बुडवला. बारीक बारीक बुडबुडे सुटले. मी स्टुलावर बसून ते कौतुकाने बघत होते. गंज कसा फसफसून निघतोय म्हणून नवऱ्यालाही हाक मारली.

निघत होतं ते जस्त.

या पिंजऱ्यांच्या तारांवर जस्ताचा मुलामा असतो, आणि तो मुलामा नुसतं पांघरूण नसतो. ओल आली की जस्त पुढे होऊन स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. घराघरात एक असं माणूस असतं. आमच्या पिंजऱ्यात ते जिथे जिथे शिल्लक होतं तिथून मी ते आंबट पाण्यात विरघळवून टाकलं. तारा बाहेर काढल्या तेव्हा करड्या, स्वच्छ, उघड्या होत्या. टॉवेल घेऊन येईपर्यंत त्यांच्यावर पिवळसर झाक आली. टॉवेल तांबडा झाला.

तेव्हा मला प्रथम कळलं की गंज आणि वास यांची आतून युती आहे. वास काढायला जावं तर गंज येतो, गंज काढायला जावं तर वास येतो. कारण पुढचा उपाय तेलाचा होता. शिवणयंत्राचं तेल फडक्यावर घेऊन एकेक तार पुसली. गंज थांबला. पण तेलाचा वास इतका पसरला की नवऱ्याने घरात येताच विचारलं, "मशीन काढलंस का? माझ्या पँटची शिवण उसवलीय."

इथे शहाण्याने थांबायचं असतं. खर्च आणि वेळ धरला तर नाकापेक्षा मोती जड झालाच होता. पण जंगलात सापळे लावणाऱ्यांची एक जुनी रीत वाचनात आली आणि मी बसल्या जागी ताठ झाले. नवा लोखंडी सापळा आला की ते तो आधी उकळून कारखान्याचं तेल काढतात. मग तो मुद्दाम थोडासा गंजू देतात. हो, मुद्दाम! त्या हलक्या गंजावरच पुढचा रंग धरतो. मग लॉगवुड नावाच्या मध्य अमेरिकेतल्या झाडाच्या लाकडाच्या काढ्यात सापळा उकळतात. काढ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, गंजाशी जुळतं, सापळा काळा होतो, आणि तो काळा थर पुढचा गंज बराच आवरतो. वरून मेण. जुन्या दस्तऐवजांची काळी शाई याच लोखंड-टॅनिनच्या जोडीतून व्हायची. लॉगवुड नसलं तरी टॅनिनला तोटा नाही. हिरड्यात असतं, बाभळीच्या सालीत असतं, चहात असतं.

मुद्दाम गंजू द्यायची पायरी तर माझी आधीच पार पडली होती. इतक्या दिवसांत काहीतरी रीतसर झालेलं बघून डोळे भरून आले.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून तेल काढलं. मग पत्र्याचा जुना डबा गॅसवर चढवला, त्यात पाणी आणि घरातली जवळजवळ सगळी चहा पावडर. पिंजरा डब्यात उभा जाईना म्हणून आधी एक बाजू, मग दुसरी. खरं सांगते, ते दृश्य बघण्यासारखं होतं. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग तांबडे डाग मळकट जांभळे झाले, मग जांभळ्याचे निळसर काळे, आणि तासाभराने तारा अशा दिसायला लागल्या जशा कुणी बोरूने रेघा ओढल्यात. डागांच्या कडा शेवटी काळ्या झाल्या. मी झाऱ्याने पाणी हलवत होते, पिंजरा डब्याच्या भिंतीवर खडखडत होता, आणि सगळ्या घरात चहाचा वास भरला होता.

नवरा आला. "वा, चहा टाकलाय?"

"पिंजऱ्याचा आहे."

"मला?"

"पावडर संपली."

तो काही बोलला नाही. काही न बोलण्याच्या त्याच्या दोन तऱ्हा आहेत. ही दुसरी होती.

मेणाच्या बाबतीत मी घाबरट आहे. तापलेल्या मेणात पाण्याचा थेंब पडला तर ते उसळतं, आणि फार तापलं तर पेट घेतं. म्हणून पिंजरा दोन दिवस कडक वाळवला आणि मेण उकळत्या पाण्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवलं. असं केलं की मेण शंभर अंशांच्या पुढे जात नाही. जीव वाचला, काम बिघडलं. सापळा मेणाइतकाच गरम व्हावा लागतो, तरच थर पातळ बसतो. माझा पिंजरा गार आणि मेण कोमट. त्यामुळे वरून चमच्याने ओतलेलं मेण जिथे पडलं तिथेच थिजलं. काळ्या तारांवरून पांढरे ओघळ लोंबत होते. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर कबुतरं बसली होती का?"

हेअर ड्रायरने ओघळ वितळवून पुसले. खटका सुटा करायला सर्वांत जास्त वेळ गेला. उरलेलं मेण भांड्यातच ओट्याखाली सारलं.

त्या रात्री, सगळं झाल्यावर, मी शेवटचं ते वाचलं जे पहिल्यांदा वाचायला हवं होतं. लोखंडाला हात लावल्यावर येतो तो "लोखंडाचा वास" लोखंडाचा नसतोच. आपल्या कातडीवरची स्निग्ध द्रव्यं लोखंडाशी गाठ पडताच फुटतात आणि तो वास तयार होतो. २००६ मध्ये हे शोधून छापलंय. आणि मी तर पहिल्या दिवसापासून, प्रत्येक धुण्यानंतर, हातमोजे काढून, पिंजरा उघड्या हातांनी नाकाशी धरून तपासत होते की वास गेला का. जाईल कसा? मीच दर वेळी नव्याने लावत होते.

पुन्हा एकदा उकळत्या पाण्याने न्हाऊ घातलं असतं, पण मेण! तेव्हा हातमोजे घालून फक्त कोरड्या फडक्याने पुसला, आकड्याला शेंगदाणा लावला, दार उघडंच बांधून ठेवलं. त्याला सवय व्हावी म्हणून तीन रात्री. तिन्ही रात्री शेंगदाणा जागच्या जागी. चौथ्या रात्री दोरा सोडून खटका लावला. सकाळी शेंगदाणा गायब, दार उघडं. खटक्याच्या खाचेत मेणाचा एक कण राहिला होता. साहेब आत गेले, नाश्ता केला, आणि आल्या वाटेने परतले.

पण ओट्याखालचं भांडं ओढलं तेव्हा मेणाच्या वडीची एक कड खरवडलेली होती. जोडीजोडीने समांतर रेघा, छिन्नीने काढाव्यात तशा. उंदीरनाशकाच्या वड्या ओलीत टिकाव्यात म्हणून पॅराफिन मेणात घट्ट करतात, आणि उंदीर त्या आनंदाने कुरतडतात, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? म्हणजे मी गेले पंधरा दिवस ज्या पिंजऱ्याचा वास घालवत होते त्याला अखेर खाऊच फासून ठेवला होता.

खाच टाचणीने साफ केली. आकड्याला मेणाचाच तुकडा लावला.

पहाटे पावणेतीनला खटका पडला. घरात इतका स्वच्छ, करकरीत आवाज फार दिवसांत झाला नव्हता; कुठे घासणं नाही, अडखळणं नाही. आम्ही तिघं दिवा लावून भोवती जमलो. नवऱ्याचं म्हणणं खोटं ठरलं, उंदीर मोठाच होता. सासूबाई दोन पावलं मागूनच म्हणाल्या, "बाई गं, केवढा!" तो भेदरलेला, आणि भेदरल्यावर जे होतं ते त्याने तळाच्या पत्र्यावर केलं होतं.

मी गुडघ्यावर बसले, टॉर्च तिरपा धरला. काळ्या पत्र्यावर थेंब गोल गोल उभे होते, मोत्यांसारखे, एकही पसरला नव्हता.

"अरे बघ ना," मी नवऱ्याची बाही ओढली, "चिकटतच नाहीये!"