परवाना कशाला, आपुलकी पुरे

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच इमारतीत राहून आपण घरच्या घरी फराळ, मोदक आणि श्रीखंड विकण्याचे मनावर घेतले असेल, तर सर्वप्रथम व्यवसायाला साजेसे नाव शोधावे आणि त्यात 'आजी' किंवा 'अन्नपूर्णा' असल्याची खात्री करावी. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरून विकणाऱ्यालाही नोंदणी लागते, असे कोणी सांगू लागल्यास त्याच्यापुढे चकलीची बशी सरकवावी. 2011 च्या नियमांनी लहान विक्रेत्यासाठी या नोंदणीचे शुल्क वर्षाला अवघे 100 रुपये ठेवले. ते वाया घालवण्यापेक्षा सोनेरी अक्षरांच्या लेबलांवर चार हजार खर्चणे केव्हाही शहाणपणाचे, कारण चौदा आकडी नोंदणी क्रमांकाने लेबलाची शोभा जाते.

पदार्थ केल्याची तारीख तर मुळीच छापू नये. तारीख दिसली की गिऱ्हाईक दिवस मोजू लागते आणि दिवाळीचा उरलेला चिवडा संक्रांतीला खपवणे जड जाते. घटक विचारणाऱ्याला 'घरचंच आहे हो सगळं' एवढे उत्तर पुरे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईचे तेवढ्याने समाधान झाले नाही, तर ती स्वभावानेच खवचट आहे असे समजावे. (तारीख आणि घटक लिहून देणाऱ्या शेजारच्या विंगमधल्या काकूंची चकली किलोमागे चाळीस रुपयांनी महाग आहे, हे मात्र ग्रुपवर अधूनमधून सर्वांच्या कानावर घालावे.)

तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा नियम आहे. आपण तेल काळे पडून फेसाळेपर्यंत थांबावे आणि त्यानंतर त्यात शेव काढावी. रंग आपोआप खरपूस येतो.

श्रीखंड 5 अंशांखाली ठेवावे म्हणतात. आपण ते मे महिन्यात दुपारी एक वाजता गेटवर वॉचमनच्या टेबलावर, कुरिअरच्या खोक्यांशेजारी ठेवून 'पाठवले आहे' असा निरोप द्यावा. गिऱ्हाईक लोकलची गर्दी आणि रिक्षाची रांग पार करून रात्री आठला पोहोचेपर्यंत डब्याचे झाकण फुगले असेल, तर चक्का ताजा असल्याचे ते लक्षण आहे असे ठणकावून सांगावे. तरीही तक्रार आलीच, तर तक्रारदाराचा फ्लॅट क्रमांक टिपून ठेवावा आणि गणपतीत त्याने एकवीस मोदक मागितले, की ऑर्डर घेणे कालच बंद झाल्याचे अत्यंत नम्रपणे कळवावे.